खळ वाळेपर्यंत
कोऱ्या लुगड्याच्या खळीचा वास आला की अजूनही माझे हात गार पडतात. १९५३ साली बी.ए.ला मी आंतरराष्ट्रीय राजकारण घेतलं होतं आणि अभ्यासासाठी परदेशी वकिलातींकडून मासिकं, नकाशे मागवत असे. असल्याच टपालापायी पलीकडच्या गल्लीतल्या एकाला चौकीवर नेलं होतं. त्या सकाळी आमच्या विणकरांच्या गल्लीत पाजणी चालली होती. गल्लीभर ताणलेल्या सुताला खळ लावली की ती वाळेपर्यंत कुंचा थांबवता येत नाही, नाहीतर धागे एकमेकांना चिकटून सगळं सूत वाया जातं. तेवढ्यात सायकलवरून एक पोलीस उतरला. "जगाचं शिकून राहिला तो पोरगा कोणता गा?" आई घरात गेली. माझा कुंचा थांबला. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात थांबवू नको." घरातून कागद जळल्याचा वास यायला लागला. पोलीस अगदी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "माहा भाऊ फौजेसंगं कोरियाले गेला, लढाईतल्या कैद्यांवर पहारा द्याले. कुठी आहे गा ते? नकाशात दाखव ना मले." नकाशा तर चुलीत गेला होता. मी कुंच्यानंच दाखवलं, "हे टोक नागपूर, ते टोक कोरिया." गल्लीच्या पार शेवटापर्यंत गेलेल्या सुताकडे बघताना त्याचा चेहरा उतरला. "लढाई थांबली ना पण?" "थांबली," मी म्हणालो. नुसती शस्त्रसंधी झाली आहे, तह झालेला नाही, हे सांगायला जीभ उचलली नाही. तो तह अजूनही झालेला नाही.