खोक्यावरची तारीख

लांबच्या प्रवासाला निघालेली मोटारसायकल दारात आली की मिस्त्री हातातलं काम तिथल्या तिथे टाकायचा. मग रोजचं गिऱ्हाईक सकाळपासून बाकावर ताटकळत का बसलेलं असेना. "त्यांना अजून खूप पुढे जायचंय, तुम्हाला फक्त घरी जायचंय," असं म्हणून तो पान्हे घेऊन बसे. गॅरेजचे मालक म्हणजे त्याचे सासरे. एखादा बोल्ट हरवला तरी माणसाला सोलून काढायचे. पण या एका गोष्टीवर त्यांनी सत्तावीस वर्षांत हूं की चूं केलं नाही. म्हातारा वरून कडक असला तरी आतून मऊ आहे, असं मिस्त्री चारचौघांत सांगायचा. भोळेपणाला काही सीमा असते की नाही!

तो स्वतःही या शहरात असाच येऊन पडला होता. हे शहर त्याच्या वाटेवर होतं, बेतात नव्हतं. निघाला होता ताईकडे. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं, आणि लग्न होऊन ती पार दुसऱ्या टोकाला गेली. "तू गाडी घेतलीस की पहिल्यांदा मला मागे बसवायचं," हे तिने शाळेत असल्यापासून त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. गाडी घेतली, पत्र टाकलं, निघाला. चौथ्या दिवशी भर चौकात इंजिन जाम झालं. आदल्या मुक्कामी ऑइल त्याने स्वतःच बदललं होतं आणि खालचा नट नीट आवळला नव्हता. ऑइल रस्ताभर गळत आलं.

मालकांनी इंजिन खोललं, सिलेंडर आतून घासून, बोअर करून ठेवला आणि पिस्टन बाहेरगावाहून मागवला. "आठवडाभर लागेल," म्हणाले. बसने पुढे जाता आलं असतं. पण ताईकडे जायचं ते गाडीवरूनच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय नवीकोरी गाडी परक्याच्या दारात सोडायला जीव होईना. रिकामं बसवत नाही म्हणून तो इतरांच्या गाड्या करू लागला. हात चांगला होता. मालक रोज सकाळी कुलूप काढताना सांगत, "आजही पार्सल नाही रे."

असे एकेचाळीस दिवस गेले. चौदा तारखेला सकाळी, त्याने पत्रातून कळवलेल्या गॅरेजच्या नंबरवर भावजींचा फोन आला. ताई गेली. वर्षभर आजारी होती, आणि पत्रात अवाक्षर लिहू देत नव्हती. तो बसने पोहोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. भावजींनी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. शेवटचा महिनाभर ती तिथे बसून होती, रस्त्यावर मोटारसायकल वाजली की मान वर करायची. हे ऐकल्यावर माणसाने कुठल्या तोंडाने घरी जायचं? तो या शहरात परत आला. मालकांनी मागची खोली दिली, काम दिलं, वर्षाने मुलगी दिली. पिस्टनचं त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि मालकांनीही विषय काढला नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली.

गेल्या महिन्यात मालक वारले. मिस्त्री त्यांचं कपाट आवरत होता. मालकांचा एक नियम होता. कुठलाही पार्ट आला की त्याच दिवशी खोक्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहायची, आणि पार्ट बसल्याशिवाय खोकं फेकायचं नाही. हा नियम त्यांनी आयुष्यात मोडला नाही. खालच्या कप्प्यात, जुन्या केबलच्या भेंडोळ्यामागे एक खोकं निघालं. वर मालकांच्या अक्षरात त्याच्या गाडीचा नंबर. खाली तारीख होती, बारा. ताई गेली त्याच्या आधीच्या महिन्यातली.

बत्तीस दिवस. पिस्टन बसवायला दोन, पुढच्या रस्त्याला चार. वाटेत कुठे अडलं असतं तरी ताईला भेटून, मागे बसवून फिरवून वर तीन आठवडे उरत होते. हा हिशेब त्याने कितीदा केला कोण जाणे.

खोकं घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यावर ठेवलं. बायकोने एकदा बघितलं आणि गॅस बंद केला.

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर बाबांनी सांगितलं. तुमचा हात त्यांना आवडला होता. म्हणाले, महिनाभर ठेवून घेतो. ताई आजारी आहेत हे त्यांना कुठे ठाऊक होतं?"

"मलाही नव्हतं. पण तुला तर सगळं कळलं होतं. का नाही बोललीस?"

"तुम्ही निघून गेला असता," ती म्हणाली.

खरं बोलली, आणि तेच त्याला सर्वांत जास्त लागलं. खोटं बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

त्याने ताडपत्री काढली. टायर, कार्ब्युरेटर, वायरिंग, सगळं बदललं. तेलकट कागदातला पिस्टन जसाच्या तसा होता. सहाव्या दिवशी दुपारी सातव्या किकला इंजिन लागलं. आवाज ऐकून ती दारात आली.

"कुठे निघालात?"

"ताईकडे."

"तिथे आता कोण आहे?" तिने हळूच विचारलं. भावजींनीही ते घर सोडून कैक वर्षं झाली होती.

टाकी भरलेली होती, रस्ता समोर होता. पण त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी होती तिथे लावली.

पार्ट बसला, तेव्हा नियमाप्रमाणे खोकं फेकायला हवं होतं. त्याने ते आत नेलं आणि ओट्यावरच्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, तारीख समोर दिसेल असं ठेवलं. दिवसातून चारदा तिचा हात त्या फळीकडे जातो. ती डबा काढते, परत ठेवते. खोकं तिने अजून हलवलेलं नाही.