माडीच्या फटी

आमच्या घराची वाटणी कधी कागदावर झाली नाही. खाली दादा आणि वहिनी, वर माडीवर मी, असं आई गेल्यावर आपोआपच ठरून गेलं. माडीला जिना बाहेरून आहे, वर माझा गॅस वेगळा. मधे फक्त फळ्या. किंजळाच्या लाकडाच्या, आजोबांच्या वेळच्या, पायांनी गुळगुळीत झालेल्या. पण दोन फळ्यांच्या मधे फटी पडल्या होत्या, काही तर पेन्सिल खाली जाईल एवढ्या. मी वर झाडायला लागले की तांबडी धूळ वहिनीच्या ओट्यावर पडायची. फळ्या पुसल्या की थेंब दादाच्या पेपरावर. वहिनी भांड्यांवर जाळ्या झाकून ठेवायची, बोलायची मात्र काही नाही.

दादाचा आवाज त्या फटींतून स्वच्छ वर यायचा. त्याची सारी नोकरी एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही तो घरात तसाच बोलायचा, शेवटचा शब्द जरा लांबवत. सकाळी चहा झाला की पेपर मोठ्याने वाचायचा. वहिनीला पेपरात काडीचाही रस नव्हता, तो वाचायचा माझ्यासाठी. मी वर डब्याची पोळी लाटत ऐकायचे. कोण गेलं, कुठे रस्ता खचला, मासळीचा भाव काय. मधेच मी वरून काही विचारायचे, तो खालून सांगायचा. मग मी शाळेत जायचे. तिथे मी क्लार्क होते.

मी लग्न केलं नाही. त्याला कारण असं मोठं काही नाही. आई अर्धांगवायूने अकरा वर्षं अंथरुणाला होती, त्या वर्षांत ते राहून गेलं. दादाची नोकरी पाळीची, वहिनीच्या पदरात लहान मूल. आईचं सगळं मीच करायचे. त्याबद्दल कुणी मला काही म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

तो एप्रिल होता. शाळेला परीक्षेनंतरची सुट्टी लागली होती. दुपारी उकाड्याने मी चटई टाकून जमिनीवरच पडले होते. खाली दादा पुण्याला मुलाशी फोनवर बोलत होता. पुतण्याने तिकडे मोठा फ्लॅट घेतला होता आणि आईबाबांनी आता तिकडेच यावं म्हणून तो मागे लागला होता. हे मला ठाऊक होतं. दादा थोडा वेळ हं हं करत राहिला. मग म्हणाला, "ही वर आहे तोवर मी निघणार कसा? तिच्यापायी अडकून पडलोय मी इथे."

मी उठून बसले. पुढचं काही मी ऐकलं नाही, म्हणजे कानांवर पडलं असेल, पण आठवत नाही. संध्याकाळी वहिनीने खालून चहाला हाक मारली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

त्याला विचारलं असतं तर दोन मिनिटांत बोलून झालं असतं. मी विचारलं नाही. अडकले मी, आणि बोलून दाखवतो हा, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. आठवड्याने मी सुताराला निरोप पाठवला.

तो म्हातारा मूळचा होड्यांचा सुतार. होड्या फायबरच्या झाल्या तेव्हापासून घरांची कामं करायचा. त्याने फटींतून बोट फिरवलं आणि आत्ता हात लावणार नाही म्हणाला. उन्हाळ्यात फळी सुकून आक्रसते. आत्ता गच्च भरली तर पावसात फुगेल आणि फळ्या उचलतील. दिवाळीनंतर येतो. म्हणजे मला विचार करायला सात महिने मिळाले होते. रागाच्या भरात केलं असं म्हणायची सोय नाही.

दिवाळी झाल्यावर तो आला. जुन्या करवतीच्या पात्याचं टोक वाकवून त्याने आधी फटी खरवडल्या. आतून मातीच्या वड्या, मोहरी, आईच्या केसांतले आकडे, कुठल्या तरी वर्षीचं मोरपिसाचं टोक निघालं. ते सगळं त्याने सुपलीत भरून मला दाखवलं आणि मी खिडकीतून बागेत टाकून दिलं. मोठ्या फटींत तो लाकडाच्या बारीक पट्ट्या बसवायचा, एकाच बाजूने सरस लावून. बारीक फटींत तेलात भिजवलेला सुताचा पीळ, होडीत ठोकतात तसा, बोथट छिन्नीने ठोकत न्यायचा. तीन दिवस ठकठक चालू होती. वहिनी खूश होती. आता ओटा स्वच्छ राहील म्हणून तिने रोज दोन्ही वेळा सुताराला चहा दिला. मीही धुळीचंच कारण सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सुतार म्हणाला, "सगल्याच कशाला बुजवताव ताई? एक-दोन ऱ्हाऊ देत. खालून हाक येते."

मी सगळ्याच बुजवा म्हटलं.

दादा जिना चढून बघायला आला. हल्ली तो कठडा धरून चढायचा. फळ्यांवरून पाय फिरवून बघितला आणि काम चांगलं झालंय म्हणाला. मग तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "बरी शांतता होईल तुला."

त्यानंतर खरंच शांतता झाली. सकाळी पोळी लाटताना लाटण्याचाच आवाज ऐकू यायचा. आधी मला ते बरं वाटलं, खोटं का सांगू. रविवारी खाली जेवायला जायची पद्धत होती, ती मी कधी कामाचं तर कधी उपासाचं निमित्त काढून मोडली. समोरासमोर भेट झाली तर दादा दोन शब्द बोलायचा, तेही तोंडातल्या तोंडात. मला वाटायचं, फटी बुजवल्या त्याचा राग धरून बसलाय. मग मीही कमी बोलायला लागले. तो अंगणातून संथ चालायचा, उजवा हात खिशात घालून. सत्तरी जवळ आली, चालायचंच, असं मला वाटायचं. एकाच घरात राहून मी दहा महिने एवढंच बघितलं.

गणपतीत पुतण्या आला. आरतीला आम्ही सगळे खाली जमलो. आमच्याकडे आरती नेहमी दादा सुरू करायचा. गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा त्याचा आवाज लागायचा. त्या दिवशी पुतण्याने सुरुवात केली. मी दादाकडे बघितलं. त्याचे ओठ हलत होते, शब्द न शब्द बरोबर हलत होता, पण आवाज येत नव्हता. हातातली झांज आपोआप वाजत होती, भलत्याच लयीत. वहिनीने हळूच ती त्याच्या हातातून काढून घेतली.

स्वयंपाकघरात मी तिला विचारलं तेव्हा ती मोदकांची ताटली तशीच धरून उभी राहिली. "कंपवात म्हणाले डॉक्टर. होळीपासून गोळ्या चालू आहेत. आवाज सगळ्यांत आधी गेला. मला वाटलं, वन्सं, तुम्हाला कळलं असेल आणि तुम्ही येत नाही."

मग तिने सांगितलं की फटी बुजवल्यावरही तो महिनाभर पेपर मोठ्याने वाचत होता. वरून उत्तर येईना. वहिनीने त्याला दोनदा सांगितलं, आता वर ऐकू जात नसेल. तो म्हणायचा, तिला ऐकायचं असेल तर जाईल. पुढे आवाज खोल जायला लागला तेव्हा त्याने पेपरच बंद केला.

पुतण्या परत गेल्यावर मी एका दुपारी दादाजवळ जाऊन बसले. आता त्याचं बोलणं ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा. मी एप्रिलमधलं ते वाक्य जसंच्या तसं त्याला सांगितलं. मला वाटलं, तो नाही म्हणेल, किंवा तसं नव्हतं गं म्हणेल.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "चिडलो होतो तेव्हा." मग श्वास गोळा करून म्हणाला, "आईच्या वेळी तुला कधी असं वाटलं नाही?"

मी म्हटलं, "वाटलं होतं. पुष्कळदा."

त्याने मान हलवली. यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

वर्षभरात दादा खाटेला खिळला, तेव्हा मी सुताराला शोधायला गेले, निदान दादाच्या खाटेवरची एखादी फट मोकळी करावी म्हणून. त्याला मोतीबिंदू झाला होता, हत्यारं त्याने देऊन टाकली होती. शेवटी मीच स्वयंपाकाच्या सुरीने पीळ उकरायला बसले. वीतभर मोकळं झालं असेल, तेवढ्यात खालून वहिनी वर आली. भुसा आणि माती दादाच्या तोंडावर पडत होती, आणि त्याला हात उचलून ती झटकता येत नव्हती. मी खाली धावले. वहिनीने त्याचे डोळे ओल्या फडक्याने पुसले. तो ओठांनी म्हणत होता, राहू दे, राहू दे.

मग मी माझी गादीच खाली आणली. तोवर मी निवृत्त झाले होते. सव्वा वर्ष आम्ही तिघं खालच्या दोन खोल्यांत राहिलो. भरवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, हे मला सगळं येत होतं. वहिनीला ते मी शिकवलं. गिळता येईनासं झालं तेव्हा पेज पातळ करत गेलो. मार्गशीर्षात छातीत कफ झाला आणि पाच दिवसांत तो गेला. शेवटी काही बोलला असेल तर ते आम्हाला ऐकू आलं नाही.

पुतण्या वहिनीला न्यायला आला. त्याने मलाही चला म्हटलं, दोनदा म्हटलं, मनापासून म्हटलं. मी नको म्हणाले. वहिनीने आमसुलं, कुळथाचं पीठ, दादाचा जाड स्वेटर असं सगळं बांधून घेतलं. रिक्षा दारात आली तेव्हा ती पायरीवर थांबली. माझा हात तिने कधी धरला नव्हता, तो धरला.

"एकट्या राहाल ना, वन्सं?"

मी हो म्हटलं.

रिक्षा गल्लीतून वळली. मी आत जाऊन चहाचे तीन कप विसळले, ओट्यावर उपडे घातले, मागच्या दाराची कडी लावली आणि पुढच्या दाराला कुलूप घालून वर आले.