चार ओळींची पत्रिका

"देगलूरच्या काकांचं नाव नाही, मुखेडच्या मामांचं नाही, अहो, माझंसुद्धा नाही. ही पत्रिका आहे का औषधाची चिठ्ठी?" सर्वेशचा आवाज तिसऱ्यांदा चढला, तशी त्याच्या आईनं, सौदामिनीबाईंनी, निवडायची मेथी बाजूला सारली.

वाद सकाळपासून चालला होता. सर्वेशच्या मुलीची, इराची, लग्नपत्रिका तिच्या आजोबांनी, रेणुकादासांनी, स्वतः काढली होती. पांढरा कागद, उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका आणि खाली चार ओळी: मुलगी, मुलगा, दिवस, जागा. त्यांचं म्हणणं, कुणाचंच नाव नसलं की कुणाचं राहिलं असं होत नाही. सर्वेशचं म्हणणं, मग सगळ्यांचंच राहिलं. सूनबाई त्रेसष्ट नावांची यादी घेऊन दोघांच्या मध्ये उभी होती.

सौदामिनीबाईंना हा पांढरा कागद पन्नास वर्षं ओळखीचा होता. हैदराबादला चित्रकला शिकताना नवऱ्यानं, रेणुकादासांनी, एका मासिकात कुण्या जपानी चित्रकारानं केलेलं, जवळजवळ सगळं कोरं असं पोस्टर पाहिलं, आणि ते खूळ घेऊन लातुरात येऊन जाहिरातींची चित्रं काढायचं दुकान थाटलं. डाळमिलच्या पोत्यासाठी हे एक गोल आणि एक पान काढून न्यायचे. मालक म्हणायचा, एवढी जागा रिकामी कशाला, लक्ष्मी घाला, वडिलांचा फोटो घाला. बियाण्याची पाकिटं झाली, उदबत्तीचे पुडे झाले, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक झाले. दर वेळी हे "बरं" म्हणत आणि जागा भरून देत. मग घरी येऊन चार दिवस कुणाशी बोलत नसत. ते चार दिवस काढायचे सौदामिनीबाईंनी. लोक त्यांना विचारत, साहेबांची तब्येत बरी नाही का. आता त्यांना त्या कागदाचाही शीण आला होता आणि त्या अबोल्याचाही.

"आप्पा, तुमच्या जपानात काका-मामा रुसत नसतील," सर्वेश म्हणाला. "आपल्यात रुसतात. काका मांडवातून न जेवता उठून गेले तर तुम्हाला चालेल?"

रेणुकादासांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"बरं," ते म्हणाले. "आण यादी."

सूनबाईनं यादी पुढं केली. नमुन्याच्या कागदावर, लाल ठिपक्याच्या अगदी शेजारी, पेन्सिलीनं 'सौ. व श्री.' एवढं उमटलं. तेही वाकडं.

सौदामिनीबाई भिंतीला धरून उठल्या. गुडघे नेहमीसारखे दुखले. त्यांनी नवऱ्यासमोरची यादी उचलली, घडी घातली आणि कमरेला खोचली.

"पत्रिका होती तशीच छापायची," त्या म्हणाल्या. "त्रेसष्ट घरी अक्षत द्यायला मी जाणार. उद्या पहिल्या एसटीनं देगलूर. सूनबाई, दोन पोळ्या बांधून ठेव."