मूठभर कोंड्याचं हरीण

उखर्डूआबा माझा शेजारी. आमच्या दोघांत एकच कुडाची भिंत, आणि तिला भोकं इतकी, की त्याच्या घरची खबर गावाला मीच पुरवायचो. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

आबाच्या आईची पाच मुलं गेली. म्हणून सहावं जन्मताच तिनं उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, आणि मूठभर कोंडा देऊन आईनं ते परत विकत घेतलं. असं टाकून घेतलेलं पोर जगतं, ही आमच्या चोपड्याकडची समजूत. ते पोर म्हणजे हा उखर्डू.

चोपन्न साली शिकाऱ्यांची जीप आली आणि नाल्यावर हरणी मारून गेली. मागं राहिलेलं पाडस आबानं उपरण्यात गुंडाळून आणलं. ते बकरीच्या दुधाला तोंड लावेना. सकाळी आबा माझ्या दारात.

“वना, चाल. उकिरडावरथीन उचलानं शे.”

“कोनले, तुले?”

“माले उचली झायं. चाल.”

मी उकिरड्यावर ठेवलेलं पाडस उचललं. आबानं माझ्या हातावर कोंडा ठेवला आणि ते छातीशी धरलं. दुपारी ते दूध प्यालं. मग काय, ‘आबाला म्हातारपणी लेक झाली, आणि मी तिचा मामा’ असं मी गावभर सांगत फिरलो. आबा दोन उरलेले दात दाखवून हसायचा.

वर्षानं त्यानं हरीण नाल्याकाठच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटात सोडलं. उन्हाळ्यात सावली आणि पाणी तेवढं तिथंच. मग घरोघर हात जोडत हिंडला, “पाऊस येस तवलगून बेटले हात लावू नका.”

“भाचीचं घर कोण तोडेल, आबा?” मी म्हणालो.

वैशाखात वारं सुटलं. माझ्या केळीला घड धरलेले. टेकू नसला की झाड घडासकट आडवं होतं. मी चाळीस कळक तोडले. चाळीसच, असं स्वतःला बजावत. शेजारच्या मळ्यातल्या रुपचंदनं पाहिलं.

“मामाच तोडी राहिना, मंग आमनं काय?”

चार दिवसांत बेटाचे खुंट उरले.

पाचव्या सकाळी हरीण गावात शिरलं, आबाच्या बकऱ्यांकडे निघालं. माणसांची त्याला सवय होती, कुत्र्यांची नव्हती. विहिरीजवळच त्यांनी ते धरलं. मटणाच्या आशेनं दोघेतिघे जमले होते. आबानं कुणाकडे पाहिलं नाही. त्याच उपरण्यात उचललं आणि खुंटांमध्ये नेऊन पुरलं.

तिसऱ्या दिवशी मी मुठीत कोंडा घेऊन त्याच्या घरी गेलो. काहीतरी थट्टेचं बोलायचं ठरवलं होतं. आबा भिंतीची भोकं शेणामातीनं लिंपत होता.

“आबा, हाऊ तुना कोंडा.”

तो वळला नाही.

“बकरीले टाकी दे.”

मी हात पुढं केला. कोंडा संपला तरी बकरी कितीतरी वेळ माझा तळवा चाटत राहिली. आबा पुढच्या भोकाकडे सरकला.