पंखा बंद करून

माझ्या बायकोच्या मामांइतका भाबडा आणि संशयी माणूस नायगाव-परळ पट्ट्यात दुसरा नसेल. जगातल्या प्रत्येक यंत्रावर त्यांचा संशय, आणि यंत्रासमोर बसलेल्या प्रत्येक माणसावर आंधळा विश्वास. त्या माणसांतला एक मी. या विश्वासाच्या बदल्यात मी मामांशी खोटं बोललो, आणि ते आजवर कुणालाही, अगदी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे. पण आधी मामा सांगायला हवेत, नाहीतर मी नेमकं काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

मामा शूटिंग करतात. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही. आमच्या लग्नाचं शूटिंगही त्यांनीच केलं होतं. त्यात आम्ही दोघं एकदाच दिसतो, तेही पाणी मागताना. बाकी सगळा वेळ बँडमधला क्लॅरिनेटवाला आणि आइस्क्रीमवरून रुसलेल्या दोन आत्या. चाळीतल्या गायन पार्ट्या, विहारातली भाषणं, नळावरची भांडणं, पाठवणीच्या वेळी नवरीच्या बापानं घशातून काढलेला विचित्र आवाज, सगळं त्यांच्याकडे आहे. आणि एकदा चालू केलेला कॅमेरा ते बंद करत नाहीत. गाणं संपतं, टाळ्या संपतात, चहा येतो, कपबशा जातात, कॅमेरा चालूच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जावई, माणूस गाणं संपल्यावर खरं बोलतो. गाताना काय, तो शायनिंग मारत असतो." त्यामुळे त्यांच्या एकेका फाइलचा आकार असा की माझा लॅपटॉप ती उघडायच्या आधी दम खात असे.

शूटिंगच्या दिवशी मजल्यावर कर्फ्यू. आवाजात घरघर येते म्हणून पंखे बंद, मिक्सर बंद, पोरांचे मोबाइल उशीखाली. शेजारच्या वहिनींनी कुकर चढवला असेल तर मामा दारात हजर. "किती शिट्ट्या झाल्या?" "दोन." "बस झाल्या. आज भात जरा कडक खा." "भाऊ, तुमच्या पाहुण्यांना जेवायला मी घालायचं की तुमच्या कॅमेऱ्यानं?" वहिनी असं ठणकावायच्या आणि गॅस बंद करायच्या. मामांवर रागावून कुणी दोन तासांवर टिकल्याचं मला आठवत नाही.

फाइलींना नावं देण्याची त्यांची पद्धत तर जगावेगळी. तारीख नाही, माणसाचं नाव नाही, प्रसंगाचं नाही. शूटिंग करताना जे मनात राहिलं ते नाव. "चहा थंड झाला." "पाणी गेलं होतं." "वहिनींचा राग." बाहेरच्या माणसाला यातून ओ की ठो कळणार नाही, पण मामांना विचारा, ते डोळे मिटून सांगतील की "पाणी गेलं होतं"मध्ये कोण गातंय, कितव्या कडव्याला खोकलंय आणि त्याची सून तेव्हा माहेरी का गेली होती.

हे सारं भांडार एका हार्ड डिस्कवर होतं. डिस्कला थंडी वाजू नये म्हणून नातवाचं जुनं टोपडं घातलेलं आणि ती राहायची मामांच्या जेवणाच्या दोन खणी डब्याच्या वरच्या खणात. खालच्या खणात मामींची सुकटीची चटणी. कुठं जायचं झालं की दोन्ही एकदम नेता येतात म्हणून ही व्यवस्था. माझ्या लॅपटॉपला तिची वायर लावली की पुढचे दोन दिवस ऑफिसात लोक माझ्याजवळ येऊन वास घ्यायचे. मी कितीदा सांगितलं, मामा, याची दुसरी कॉपी करून ठेवू. ते कानावर हात ठेवायचे. कॅसेटच्या जमान्यात एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी करता करता आवाज कसा पातळ होत जातो हे त्यांनी अनुभवलं होतं, आणि डिजिटलमध्ये तसं होत नाही यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "कॉपी झाली की ओरिजिनल सुस्त होतं," ते ठामपणे म्हणायचे. "त्याला वाटतं, आता दुसरा आहे ना काम करायला."

मामांचा एकच जिवलग दोस्त. चाळीतला गायक. स्वतः गाणी लिहायचा, स्वतःच चाल लावायचा आणि जयंतीला विहारासमोर असा आवाज लावायचा की पलीकडच्या रस्त्यावर टॅक्सीवाले गाडी बाजूला घेऊन थांबत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. तेव्हापासून ते खुर्चीत बसून असतात, सगळं समजतं, बोलता येत नाही. यंदा जयंतीला विहारात त्यांचा सत्कार करायचं ठरलं, आणि मामांनी जाहीर केलं की सत्कारानंतर हॉलमधल्या टीव्हीवर दोस्ताचं गाणं लागेल. कुठलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही.

त्या दिवशी सकाळी मामांनी डिस्क टीव्हीला लावून पाहिली तर टीव्ही ढिम्म. मला फोन. "जावई, हा टीव्ही माझ्या डिस्कला ओळख दाखवत नाही. एवढा कसला माज?" मी विमा कंपनीत कारकुनी करतो, पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणून सासुरवाडीत मी इंजिनीअर. मी लॅपटॉप घेऊन गेलो, पाहिलं आणि समजावलं. डिस्क म्हणजे चाळ समजा. खोल्यांना नंबर द्यायची एक पद्धत असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. तुमच्या डिस्कवर एक पद्धत आहे, हा जुना टीव्ही दुसरीच वाचतो. तेव्हा सगळ्या फाइली आधी माझ्या लॅपटॉपवर न्यायच्या, डिस्क पूर्ण पुसून नव्या पद्धतीनं फॉरमॅट करायची आणि फाइली परत आणून बसवायच्या.

मामांनी डिस्कवरचं टोपडं नीट केलं. मग म्हणाले, "म्हणजे रीडेव्हलपमेंट."

"तसंच समजा."

"सगळ्यांना ट्रान्झिटला पाठवायचं आणि बिल्डिंग पाडायची. जावई, ट्रान्झिटला गेलेले सगळे परत येतात का? खरं बोला."

"मामा, इथं बिल्डर मी आहे. माझी गॅरंटी."

"मग तोडा," मामा म्हणाले, आणि टोपडं काढून डिस्क माझ्या हातात दिली.

नवी पद्धत फॅट थर्टीटू या नावाची. नावात फॅट आहे, पण ठरावीक आकारापेक्षा मोठी फाइल तिच्यात मावतच नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. फाइली लॅपटॉपवर आल्या, डिस्क फॉरमॅट झाली, फाइली परत जाऊ लागल्या. हॉलमध्ये खुर्च्या लागत होत्या, पताका बांधणारी मंडळी माझ्यामागे उभं राहून पडद्याकडे बघत होती, आणि मामा येईल त्याला सांगत होते, "आमचे जावई, दोन मिनिटांत काम." आणि शेवटाकडे पडद्यावर सूचना आली. एक फाइल नव्या जागेसाठी फार मोठी आहे. खाली दोन बटणं, स्किप आणि कॅन्सल.

इतके महिने मी स्वतःलाही सांगत आलो की घाईत मी ते वाचलं नाही. ते खरं नाही. मी वाचलं. फाइलचं नाव होतं "पंखा बंद करून". मला वाटलं, असेल कुणाची तरी चहापाण्याची बडबड, उद्या निवांत बघू. स्किप दाबलं.

"आले सगळे परत?" मामांनी विचारलं.

"आले."

"मग तुमच्याकडचे पुसा. आत्ता, माझ्यासमोर. दोन दोन ठेवलेले मला चालत नाहीत."

इथं थांबता आलं असतं. "मामा, एक राहिलीय, जरा बघू या," एवढं म्हटलं असतं तर मागं उभे असलेले फार तर हसले असते. पण मी दोनच मिनिटांपूर्वी इंजिनीअर होतो. मामांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि मी लॅपटॉपवरचं सगळं पुसलं, रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी हॉल भरला. दोस्त पुढच्या रांगेत, निळा फेटा, मांडीवर शाल. मामा रिमोट घेऊन उभे. नावं वरून खाली गेली, खालून वर आली. परत वरून खाली. "पंखा बंद करून" नव्हतीच. झटका यायच्या आदल्या महिन्यात भर उकाड्यात पंखा बंद करून दोस्त मामांच्या कॅमेऱ्यासमोर एकटा बसला होता, आपली सगळी गाणी ओळीनं गायला होता आणि मग कितीतरी वेळ नुसता बोलत होता, हे मला तिथं शेजारी बसलेल्या मामींकडून पहिल्यांदा कळलं. दोस्ताचा धड रेकॉर्ड झालेला आवाज तेवढाच, बाकी सगळीकडे तो गर्दीच्या गोंगाटात बुडालेला. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आता विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. माइक घेतला आणि म्हणाले, "जय भीम. माफी करा. माझ्या हातून कधीतरी पुसली गेली वाटतं. म्हातारा झालो." आणि दोस्ताच्या खुर्चीपाशी जाऊन हळूच म्हणाले, "चुकलो रे." दोस्तानं डावा हात उचलून त्यांच्या दंडावर ठेवला.

लॅपटॉप मी गुपचूप लॅमिंग्टन रोडला एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेला. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाला, "साहेब, काय नाय उरलं. डिस्क आणा पाहिजे तर." डिस्कवर तर वरून सगळं पुन्हा भरलेलं होतं. हे ऐकून त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

आता मामा रोज दुपारी दोस्ताकडे जातात. मामांना सूर म्हणजे काय ते माहीत नाही. ते वर्कशॉपात हाक मारतात तसं गातात. दोस्ताची गाणी एकेक करून आठवतात आणि त्याच्यासमोर बसून म्हणतात. चुकलं की दोस्त डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर जोरात आपटतो. मग मामा पुन्हा पहिल्या ओळीपासून. मागच्या रविवारी मी तिथं होतो. एका ओळीला बोटं इतक्या वेळा आपटली की मामा चिडले. "अरे, तूच लिहिलंस ना असं? मग मारतोस कशाला?" दोस्ताच्या तोंडाच्या चांगल्या बाजूला हसू आलं. मामांनी ती ओळ पुन्हा उचलली, आणि या वेळी बोटं ठेक्यात पडली. मामांनी वळून माझ्याकडे अशा आनंदानं पाहिलं की मला उठून गॅलरीत जावं लागलं.

मामा अजून समजतात की चूक त्यांची. दोस्तालाही तेच वाटतं. त्या दोघांना समोर बसवून "ती फाइल मी घालवली, आणि मला ते माहीत होतं" एवढं सांगायचं माझ्याकडे बाकी आहे. लिहून झालं. सांगून झालेलं नाही.