चाचांची दुवा

पानमळ्याच्या चाचांना म्हाताऱ्यांचा मनस्वी तिटकारा होता, आणि ते स्वतः पासष्टीचे होते. निजामी अंमलात मी नळदुर्गच्या शाळेत नवा मास्तर होतो, राहायला त्यांच्या मळ्याशेजारी. सकाळची नमाज झाली की ते अनवाणी वेलांत शिरत आणि पानं खुडता खुडता गावातल्या एकेका म्हाताऱ्याचा उद्धार करत.

त्यात पहिला मान जहागीरदारांचा. वय सत्याहत्तर, पण या गृहस्थांना मरायचंच नव्हतं. हैदराबादच्या एका हकिमाकडून ते कुश्त्याच्या, म्हणजे भस्माच्या, पुड्या मागवत आणि मधातून चाटत. जगून करत काय, तर दुपारी झोपत आणि संध्याकाळी स्वतःची नाडी बघत. पन्नाशीचा मुलगा अजून वेशीबाहेर जायला त्यांची परवानगी मागे.

एकदा ते मळ्यात आले. पानमळ्यात पायताण चालत नाही, म्हणून चाचांनी त्यांनाही जोडे काढायला लावले. वर ऐकवलं, "सरकार, पान येलावर ऱ्हायलं म्हणून अमर होत न्हाय. निब्बर होतं. मग त्याला शेरडू बी तोंड लावत न्हाय." त्या दिवसापासून गढीवरचा पानांचा रतीब बंद झाला. चाचांना त्याचं काही नव्हतं. मीही पोट धरून हसलो होतो.

मग गावात पटकी आली आणि चाचांचा एकुलता एक मुलगा रहीम आडवा झाला. वय बावीस. डॉक्टर यायला दुसरा दिवस उजाडणार होता. ज्या पुडीची जन्मभर टिंगल केली, तीच मागायला चाचा गढीवर गेले. मी सोबत होतो. त्यांनी टोपी काढून जहागीरदारांच्या पायाशी ठेवली. जहागीरदार म्हणाले, की औषध चाळीस दिवसांचं आहे, एक पुडी कमी पडली तर सगळाच गुण जातो. त्यांचा मुलगा मान खाली घालून उभा होता. दिवस मावळायच्या आत रहीम गेला.

पुडीनं तो वाचला असता असं मला वाटत नाही. पण त्या म्हाताऱ्याचा मला आजही संताप येतो. चिमूटभर राख हातून सुटली नाही, आणि म्हणे कायमचं जगायचं! पुढच्याच थंडीत गेला, पुड्या शिल्लक ठेवून. चाचांना बातमी सांगितली तर ते पानं खुडतच राहिले. एव्हाना त्यांनी कुणाची टवाळी करणं सोडलं होतं.

माझी बदली झाली तेव्हा ते निरोपाला आले. बायकोच्या कडेवर आमचा सहा महिन्यांचा मुलगा होता. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत चाचा मला म्हणाले, "मास्तर, लई जगा म्हणणार न्हाय. पोराच्या आदी मरा. माणसानं खुदाकडं येवढंच मागावं."

बायको गाडीत बसून तुळजापूरपर्यंत रडत होती, असला अभद्र आशीर्वाद कुणी देतं का म्हणून. आता मला ऐंशीवं लागलं आहे. मुलगा धडधाकट आहे. चाचांची दुवा फळणार असं दिसतंय, आणि मला दुसरं काही नको आहे.