उकिरड्यावरचं नाव

तीस वर्षं काय केलं असं कचरू तायड्याला विचारा. तो सांगेल, "अळ्या येचल्या." अन् खोटं नाही ते! जळगाव जामोदकडच्या नर्सरीत संत्र्याच्या कोवळ्या रोपांवरची एकेक अळी हातानं वेचायची, साबणाच्या पाण्यात टाकायची. अळी मोठी बिलंदर. पाखराची शीट पडलीय असंच वाटावं. नवे मजूर फसायचे आणि दोन दिवसांत रोप बोडकं व्हायचं. कचरूची नजर मात्र कधी चुकली नाही.

असा हा पक्क्या नजरेचा माणूस, पण नाव विचारलं की मान खाली घालायचा. शाळेत हजेरीला 'कचरू' म्हटलं की सारा वर्ग खिदळायचा. आधीची चार लेकरं गेली, म्हणून मायनं याला पाचव्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं, दाईनं उचललं आणि मायनं सूपभर कोंडा देऊन परत घेतलं. "असं नाव काऊन ठेवलं वं?" म्हणून तो भांडायचा. माय हसायची, "वाचला ना तू!" त्या उत्तरानं त्याचं समाधान कधीच झालं नाही. माय गेली तरी तो राग मनात होताच.

आता नातवाचं, प्रसेनजितचं, लग्न ठरलं. पुण्याला नोकरी, चारचौघांत ऊठबस. पत्रिका छापायला निघताना तो चाचरत म्हणाला, "आबा, तुमचं नाव के. आर. तायडे टाकू?"

"टाक ना बे. बरंच झालं," कचरू म्हणाला. मनातून सुटल्यासारखंच वाटलं त्याला.

प्रसेनजित गेला. अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडाशी नात महामाया वही घेऊन बसली होती. कचरूही तिथं जाऊन सवयीनं फांदीवरची अळी वेचायला लागला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते ती.

"आबा, ही तुमची अळी म्हणजे लिंबू फुलपाखरू. इराणपासून पार ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. मुलूख बदलला की उपप्रजाती बदलते. म्हणून त्याचं शास्त्रीय नाव तीन शब्दांचं. तिसऱ्या शब्दावरून समजते, कोणत्या मुलखातलं ते."

"घ्या! म्हणजे आपल्यावानी पूर्ण नाव?" कचरू हसला. "पण मले सांग, हे शिटीवानी काऊन दिसते?" तीस वर्षांत हे त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं.

"पाखरांनी घाण समजून सोडून द्यावं म्हणून. घाण दिसते म्हणूनच वाचते ती."

कचरूचा हात फांदीवरच थांबला. उकिरडा, सूपभर कोंडा, मायचं हसू, सगळं एकदम आठवलं. "माय वं माय!" म्हणत तो लहान लेकरासारखा रडला. किती भांडलो तिच्याशी! मरणाच्या नजरेपासून लपवलं होतं तिनं आपल्याला.

डोळे पुसून त्यानं फोन लावला. "पत्रिका छापली का बे?"

"नाही आबा, आताच पोचलो प्रेसमधी."

"मंग पूर्ण नाव टाक. तिन्ही शब्द. कचरू राघोजी तायडे."

"आबा, लोकं हासतीन ना."

"हासू दे," कचरू म्हणाला. "वाचलो ना मी!"